सलून : ती की ते

चन्नाप्पा हळदे यांचा मसुदा साहेबांपुढे गेला की सहीशिवाय परत येत नसे. कचेरीत ते हेडक्लार्क होते, पण मंगळवार पेठेत त्यांना सगळे मसुदेकार म्हणत. बारशाच्या पत्रिकेपासून भाडेकरूच्या नोटिशीपर्यंत पेठेतला प्रत्येक कागद त्यांच्या नजरेखालून जायचा, आणि जाताना निम्मा होऊन जायचा. कारण द्विरुक्ती हा त्यांचा जन्माचा वैरी. कोणी 'परत पुन्हा' म्हणालं की त्यांच्या चपलेत खडा शिरे. 'गोल चक्कर' ऐकून ते एकदा भर लग्नातून उठून गेले होते. डोक्यावरच्या केसांनीही त्यांचा हा काटकसरी स्वभाव ओळखून चाळिशीतच रजा घेतली होती, आणि न्हाव्याचं दुकान त्यांनी बारा वर्षांत आतून पाहिलं नव्हतं.

अशा माणसाने एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालच्या एप्रिलमध्ये पंचवीस शब्दांची एक जाहिरात लिहिली आणि निम्मं कोल्हापूर स्वतःच्या दारात गोळा करून घेतलं. जाहिरात मोटारगाडीची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण जाहिरातीत ते कुठेच नव्हतं.

गाडीचं नाव रायली. चन्नाप्पांचे सासरे चंदगडचे काजूचे व्यापारी. मायदेशी निघालेल्या एका इंग्रजाकडून त्यांनी ती घेतली, वर्षभर मिरवली, आणि मग गोदामात उभी केली. तिच्यावर काजूची पोती चढली ती वीस वर्षं उतरली नाहीत. सासरे गेल्यावर थोरल्या मेहुण्याला बाग मिळाली, धाकट्याला गिरणी, आणि शांतादेवींच्या, म्हणजे चन्नाप्पांच्या पत्नीच्या, वाट्याला पोत्यांखालचं हे आलं. चन्नाप्पांनी ते ट्रकवर घालून मंगळवार पेठेतल्या मीरासाब मिस्त्रीच्या शेडमध्ये आणून टाकलं आणि विचारलं, "काही होईल का हिचं?"

मीरासाबने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "बगू की."

हे बघणं नऊ वर्षं चाललं. गाडीचा सांगाडा आतून लाकडी होता आणि तो वाळवीने खाल्ला होता. मिस्त्रीने एकेक तुकडा मापून सागवानात नवा घडवला. जो भाग मिळेना तो त्याने कानशीने घासून हाताने केला. गाद्यांचं चामडं चपलांच्या गल्लीतून आलं आणि त्याची शिवण त्याच्या बायकोने, हाफिजाने घातली. दुसऱ्यांच्या गाड्या दिवसा, आणि जेवणाच्या सुट्टीत ही. नवव्या वर्षी एका सकाळी त्याने चन्नाप्पांना बोलावलं आणि गाडीवरची चादर काढली.

चन्नाप्पांनी चपला काढल्या. का काढल्या ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. गडद हिरवा रंग इतका खोल होता की त्यात हात घातला तर कोपरापर्यंत जाईल असं वाटावं. पुढचे दोन दिवे जेवणाच्या ताटाएवढे. मडगार्ड दिव्यापासून निघून दारापर्यंत एका ओळीत उतरत होतं, आणि त्या ओळीत, चन्नाप्पांना पहिल्या नजरेत जाणवलं, एकही शब्द जास्त नव्हता. आयुष्यभर ते कागदावर जे करू पाहत होते ते कोणीतरी पत्र्यावर करून ठेवलं होतं. ते दबकत मागच्या गादीवर बसले तेव्हा चामडं नव्या कोल्हापुरी पायताणासारखं करकरलं.

"चालू कधी करणार?" त्यांनी हळूच विचारलं.

"चालूच हाय की मगापासनं," मीरासाब म्हणाला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, पण गाडीला घर नव्हतं. मिस्त्रीच्या शेडच्या मालकाला तिथे लॉज बांधायचा होता आणि पुढच्या वर्षीच्या मेअखेर जागा रिकामी हवी होती. मिस्त्री दुसऱ्याच्या गॅरेजात कामाला जाणार होता, तिथे एक जादा स्कूटर ठेवायची सोय नव्हती. चन्नाप्पांच्या बोळात तर सायकल आणि म्हैस समोरासमोर आल्या की एकीला माघार घ्यावी लागे. आणि जूनमध्ये पाऊस.

"बगा साहेब," मीरासाब म्हणाला, "आत सागवान हाय, वर छताला कापड हाय. एक पावसाळा भाईर काडला की संपलं. छत्रीला सुदा घर लागतंय."

तेव्हा विकायला हवी होती, तीही त्या मेच्या आत. चन्नाप्पांना गाडी चालवता येत नव्हती, तिचा त्यांना काही उपयोग नव्हता, आणि ती विकायची या विचाराने त्यांना भाकरी गोड लागत नव्हती. यातली शेवटची गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही.

पेठेला कळल्यावर सल्ले सुरू झाले. शेडशेजारच्या धोंडुबाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं, "नाव काय म्हनालासा गाडीचं?"

"रायली."

"मग कशी जायाची वो ती? नावातच ऱ्हायली हाय. नाव बदला आदी."

कोणी म्हणालं भगवा रंग द्या, कोणी म्हणालं लग्नाच्या वरातीला लावा. वर्षभरात अकरा गिऱ्हाइकं येऊनही गेली. त्यांतला एक साखर कारखान्याचा संचालक होता. त्याने बॉनेट उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, "हे इंजिन काडायचं नि डिझेल घालायचं. ट्रॅक्टरचं हाय माझ्याकडं पडून." मीरासाबने बॉनेट दोन्ही हातांनी अलगद मिटलं. "गाडी विकायची न्हाई," तो म्हणाला. गाडी आपली आहे, तेव्हा हे वाक्य आपण बोलायला हवं होतं, असं चन्नाप्पांना वाटलं. पण वाक्यात काढण्यासारखं काही नव्हतं म्हणून ते गप्प बसले. तेव्हापासून शर्त ठरली, डिझेलवाल्याला गाडी द्यायची नाही. अकरापैकी नऊ डिझेलवाले निघाले. उरलेल्या दोघांपैकी एकाला मागची सीट काढून दुधाचे कॅन ठेवायचे होते आणि दुसरा परत आलाच नाही.

कागदपत्रांचं वेगळंच. आर.सी. बुकात मालक म्हणून सासरे, जिल्हा बेळगाव, राज्य मुंबई. आर.टी.ओ.च्या खिडकीपलीकडच्या कारकुनाने बुक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "मालक वारले. चंदगड बेळगावातनं निघालं. मुंबई राज्य संपलं. साहेब, तिघांतलं एक तरी जितं आणा." चन्नाप्पांनी तिथल्या तिथे बाकावर बसून सात ओळींचा अर्ज लिहिला. कारकुनाने तो वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला, आणि उठून आत साहेबांना दाखवायला गेला. तीन आठवड्यांत नाव बदलून आलं. पण या सगळ्यात चन्नाप्पांची नजर बुकातल्या एका रकान्यावर बसली. 'बॉडी : स्पोर्ट्स सलून.' बंद छताच्या मोटारीला किती नेमका शब्द, आणि सरकारी. ते त्या शब्दाच्या प्रेमात पडले, आणि तिथे घोटाळा झाला.

गावातल्या एका दैनिकात छोट्या जाहिरातीच्या चौकटीत पंचवीस शब्द मावत, पत्ता वेगळा. चन्नाप्पांनी चार संध्याकाळी घालवून मसुदा पक्का केला आणि शांतादेवींना वाचून दाखवला.

'विकणे आहे : अस्सल ब्रिटिश स्पोर्ट्स सलून. जुने, पण संपूर्ण नूतनीकरण केलेले. चामडी आसने, उंची लाकूडकाम, आरसे निर्दोष. चालू स्थितीत. चौघांची आरामशीर सोय. पारखी माणसांनीच भेटावे.'

"यात मोटार कुठाय?" शांतादेवी म्हणाल्या.

"सलून म्हटलं की मोटार आलीच. द्विरुक्ती होते."

"आणि 'जुने' काय? माझ्या अप्पांच्या गाडीला मी लहानपणापासून 'ती' म्हणते."

"गाडी ती. सलून ते. कोशात बघ."

"कोश चालवणार आहे का गाडी?" असं म्हणून शांतादेवी भात बघायला गेल्या. आपण एका अक्षराने नवऱ्याची अब्रू वाचवू शकलो असतो हे त्यांना पुढे आयुष्यभर सांगायला मिळालं, आणि त्यांनी ते सांगितलंही.

रविवारी जाहिरात आली. सकाळी साडेसातला चन्नाप्पा इस्त्रीचा सदरा घालून शेडवर पोचले तर बाहेर पंधरा माणसं उभी. त्यांची छाती भरून आली. मिस्त्री शेजारच्या मशिदीतल्या नळावर हातपाय धुवायला गेला होता आणि शेडला कुलूप होतं. पारख झाल्याशिवाय कोणाला चादरीखाली बघू द्यायचं नाही असंही ठरलं होतं. चन्नाप्पा बाहेरच्या बाकावर बसले आणि त्यांनी पहिल्याला पुढे बोलावलं. गडहिंग्लजचे दोघे भाऊ होते, काखेत पिशव्या.

"गिऱ्हाईक किती येतंय?" थोरल्याने विचारलं.

"आजवर अकरा."

"दिसाला?"

"नाही, वर्षात."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मग विकायलाच पायजे," धाकटा हळहळून म्हणाला. "पान्याची सोय?"

"पुढचं झाकण उघडून घालावं लागतं. तापलं तर मिस्त्री बदलतात."

"चौघं एका टायमाला बसत्यात?"

"पुढे दोन, मागे दोन."

"मागच्यांना आरसा?"

"आरसा पुढच्याला. मागचं दिसावं म्हणून."

थोरला जरा विचारात पडला. "ब्रिटिश पद्धत आसंल," तो भावाला म्हणाला. "स्पोर्ट्स म्हनत्यात, शेवटचा खेळ कुनाचा झाला हितं?"

चन्नाप्पांना प्रश्न कळला नाही, पण पारखी माणसं अशी आडून विचारतात असं समजून त्यांनी मान डोलावली. एवढ्यात बोळातून गलका आला. शिवाजी पेठेतल्या एका फुटबॉल संघाचा कारभारी, सयाजी नावाचा, अकरा खेळाडू घेऊन येत होता. संध्याकाळी त्यांची मॅच होती.

"मसुदेकार, स्पोर्ट्स सलून म्हंजे खेळाडूंसाठनंच की," सयाजी म्हणाला. "पोरांची डोस्की ब्रिटिश करून टाका दुपारच्या आत. गोलकीपरची झुलपं डोळ्यावर येत्यात, लई गोल खाल्ले त्यानं."

चन्नाप्पा अजून याचा अर्थ लावत होते तोवर आरोग्य खात्याचा एक इन्स्पेक्टर सायकल टेकवून पुढे आला. त्याच्या हातात तेच दैनिक होतं. "सलूनचा परवाना दाखवा," तो म्हणाला.

चन्नाप्पांनी शांतपणे आर.सी. बुक काढून दिलं. इन्स्पेक्टरने ते वाचलं. "ह्या परवान्यावर दाढी करता?"

"दाढी मी घरीच करतो," चन्नाप्पा म्हणाले.

मग रांगेतला शेवटचा माणूस पुढे आला. पन्नाशीचा, पांढरी टोपी, हातात चामड्याची पेटी. त्याने दैनिक उघडून जाहिरात पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. वाचताना 'सलून'वर तो थांबला, 'आसने'वर थांबला, 'आरसे'वर थांबला. चन्नाप्पांनी स्वतःचा मसुदा पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडून ऐकला, आणि 'चौघांची आरामशीर सोय' येईपर्यंत त्यांच्या कपाळाला घाम फुटला. एकही शब्द खोटा नव्हता आणि एकही जादा नव्हता. फक्त मोटार नव्हती. ते उठायला गेले आणि परत बसले.

"अहो, गाडी आहे," ते म्हणाले. "मोटारगाडी."

बोळ हसला. कोल्हापूर हसतं तेव्हा हातचं राखून हसत नाही. सयाजी गोलकीपरच्या पाठीत थापा मारून हसला, गडहिंग्लजकर पिशव्या खाली ठेवून हसले, इन्स्पेक्टरसुद्धा सायकलला धरून हसला. पंचवीस वर्षांत ज्या माणसाच्या लेखणीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं त्याच्यावर सगळी पेठ हसत होती, आणि वरच्या खिडकीतून धोंडुबाई विचारत होत्या, काय झालं म्हणून.

टोपीवाला मात्र हसला नाही. "पावणं, तुमची मस्करी झाली, माझं काय?" तो म्हणाला. "मी बाळासो संकपाळ, शिवाजी पेठ. तीस वर्षं पिंपळाखाली पेटी घेऊन बसतोय. आता टांगेवाल्याची पागा घेतलीया, पक्कं दुकान काडाय. अक्षय तृतीयेला उघडतो म्हनून पेठंत सांगून बसलोय, आट दिवसांवर आली, आन पागंत खुर्ची न्हाई का बाकडं न्हाई. म्हटलं, सामानासकट सलून मिळतंय. सकाळपासनं हुबा हाय मी हितं."

चन्नाप्पांना खरोखर वाईट वाटलं, स्वतःचं आणि त्या माणसाचंही. तेवढ्यात मीरासाब आला. त्याने कोणाला काही विचारलं नाही. कुलूप काढलं, दाराची दोन्ही पाखं उघडली, आणि चादर ओढली.

हसणं थांबलं. हळूहळू नाही, एकदम. सकाळचं ऊन तिरपं आत आलं आणि हिरव्या रंगात उतरत गेलं. गोलकीपरने डोळ्यांवरची झुलपं हाताने मागे केली. कोल्हापुरात माणूस कुजबुजतो तो फक्त अंबाबाईच्या गाभाऱ्यात, पण सयाजी कुजबुजला, "आयला, हे मानसानं केलंय?"

बाळासो चपला काढून आत गेला. त्याने गाडीकडे फार वेळ पाहिलं नाही. तो मडगार्डपाशी वाकला आणि त्याने हात फिरवला, पण सगळे फिरवतात तसा नाही. बोटांची पालथी बाजू टेकवून, खालून वर, उलट्या दिशेने. दाढी झाल्यावर गालावर फिरवतात तसा. दिव्यापासून दारापर्यंत, मग दारापासून मागपर्यंत.

"एक खुंट लागत न्हाई," तो शेवटी म्हणाला. "कुनाचा हात हाय ह्यो?"

नऊ वर्षांत लोकांनी मीरासाबला अॅव्हरेज विचारलं होतं, डिझेल विचारलं होतं, हात कोणाचा हे कोणी विचारलं नव्हतं. त्याने खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसले. फडक्याला ग्रीस होतं, त्यामुळे गालावर काळा पट्टा उमटला, आणि बाळासोने स्वतःच्या पेटीतला स्वच्छ नॅपकिन काढून पुढे केला.

"कुटं जानार ही आता?" बाळासोने विचारलं.

"मेअखेर भाईर," मिस्त्री म्हणाला. "मग पाऊस बगून घील."

"दार केवडं लागतंय हिला?"

चन्नाप्पांच्या कानाने ते टिपलं. बाळासो 'हिला' म्हणाला होता.

"सा फूट पुरं," मिस्त्री म्हणाला.

"माझ्या पागंचं आट फुटी हाय. दोन टांगे बसायचे आत. एका टांग्याच्या जागंत मी खुर्ची मांडतो." तो चन्नाप्पांकडे वळला. "पावणं, विकू नका. माझ्याकडं हुबी करा. गिऱ्हाइकाला बसाय बाकडं लागतंच की. चौघांची आरामशीर सोय, तुमीच लिवलंय."

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी रायली शिवाजी पेठेत गेली. मीरासाब चालवत होता, शांतादेवी पुढे बसल्या होत्या, आणि चन्नाप्पा मागे, अनवाणी. पेठेतली माणसं तालमीच्या पायऱ्यांवर उभी राहून बघत होती आणि कोणी शिट्टी मारली नाही. दर शुक्रवारी नमाज झाल्यावर मीरासाब येणार, इंजिन चालू करणार आणि गाडीला रंकाळ्यापर्यंत फिरवून आणणार, असं ठरलं. त्याचा करार चन्नाप्पांनी एका ओळीत लिहिला.

दुकानाच्या परवान्याच्या फॉर्मात 'ग्राहकांच्या बैठकीचा प्रकार' असा रकाना होता. चन्नाप्पांनी लिहिलं, 'स्पोर्ट्स सलून'. तोच इन्स्पेक्टर तपासायला आला. त्याने फॉर्म वाचला, गाडीकडे पाहिलं, परत फॉर्म वाचला. मग मागच्या गादीवर जाऊन बसला, तपासणीसाठी, आणि पाऊण तासाने उतरून त्याने सही केली.

पाटी रंगवणारा आला तेव्हा बाळासोने त्याला मजकूर विचारायला मसुदेकारांकडेच पाठवलं. त्यांनी जाहिरातीतले तीन शब्द काढून दिले, 'ब्रिटिश स्पोर्ट्स सलून'. खाली 'केशकर्तनालय' घालू का, असं पेंटरने विचारलं. चन्नाप्पा म्हणाले, "नको. द्विरुक्ती होते."

दुकान चाललं, आणि सयाजीच्या संघाने त्या मोसमात कमी गोल खाल्ले. गाडीत बसलेली माणसं राजकारण बोलत नाहीत, पान खात नाहीत, आणि दार आपटत नाहीत. धोंडुबाई एकदा मुद्दाम बघायला आल्या आणि खिडकीतून आत डोकावून म्हणाल्या, "मी म्हनलंच हुतं. ऱ्हायली की."

रविवारी सकाळी चन्नाप्पा तिथे असतात. लवकर येतात, चपला बाहेर काढतात, मागच्या गादीवर डाव्या कोपऱ्यात बसतात. पेपर उघडतात, पण पानं उलटत नाहीत. समोरचं लाकूड, दारावरची शिवण, आणि काचेतून दिसणारी ती मडगार्डची ओळ एवढंच ते बघत असतात. बाळासो एकेकाला मोकळं करतो आणि कापड झटकून हाक मारतो, "मसुदेकार, तुमचा नंबर."

टकलावरून हात फिरवत चन्नाप्पा शेजारच्याकडे बोट दाखवतात. "यांना घ्या," ते म्हणतात. "मला घाई नाही."